पदभार आणि परवानग्या

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये सरकारी कार्यालयांत बदल्यांचे आदेश निघतात. राज्याच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा ठरवला आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, याच दोन महिन्यांत कराव्यात असेही सांगितले. महापालिकेत प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी या चक्रात असतात. पालिकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची टेबले आयुक्तांच्या आदेशाने बदलतात. कागदावरच्या कारभाराने या ये-जेची रीत फार पूर्वी बसवली आहे. जुना अधिकारी कार्यमुक्त होतो, नवा रुजू होतो, पदभार दिल्या-घेतल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या होतात, कपाटातल्या नस्त्यांची यादी सोबत जोडली जाते. त्या सहीनंतर जुन्या अधिकाऱ्याने कपाट उघडायचे नसते, आणि तो उघडतही नाही.

संगणकावर हे घडत नाही. बदलून गेलेला माणूस जुन्या विभागाच्या साइटवर तसाच राहतो. तिथल्या निविदा, तक्रारी, नोटिसांचे मसुदे त्याला दिसत राहतात. नवा माणूस मात्र प्रवेशासाठी फोन करत असतो, आणि तो मिळेपर्यंत सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून काम रेटतो.

हे पुस्तक संगणकावरच्या पदभाराविषयी आहे. विभागांच्या, प्रभागांच्या, समित्यांच्या टीम साइट आणि सबसाइट स्क्रिप्टने उभ्या करणे, त्यांवरच्या परवानग्या स्क्रिप्टनेच देणे आणि स्क्रिप्टनेच परत घेणे, एवढाच त्याचा विषय. उदाहरणे शेअरपॉइंट हे साइट उभारायचे आणि पॉवरशेल हे स्क्रिप्ट लिहायचे, अशा मायक्रोसॉफ्टच्या दोन साधनांची आहेत, कारण आपल्याकडच्या कंपन्यांत आणि बँकांत ती जोडी रुळलेली आहे. शेअरपॉइंट २००१ साली आले. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये अशा स्क्रिप्ट-साधनाची कल्पना सांगणारा मोनाड जाहीरनामा मांडला आणि त्यातून २००६ मध्ये पॉवरशेलची पहिली आवृत्ती निघाली. २०१० च्या शेअरपॉइंटपासून ही दोन्ही खऱ्या अर्थाने जोडली गेली, आणि साइट तयार करणे हे माउसने करायचे काम न राहता लिहून ठेवता येणारे, तपासता येणारे, पुन्हा चालवता येणारे काम झाले.

नमुन्यासाठी घेतलेला आराखडा ठाण्याचा आहे. तो सरावासाठी आहे. प्रत्यक्ष पालिकेत अशी साइट आहे असे कुणी समजू नये. पण त्याचा सांगाडा खरा आहे. ठाणे महापालिकेच्या ९ प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. प्रत्येक समितीखाली पाणीपुरवठा, घनकचरा, मालमत्ता कर, अतिक्रमण, आरोग्य, आस्थापना अशी ६ कामे धरली तर ५४ सबसाइट होतात. प्रत्येकीला मालक, सदस्य आणि फक्त वाचणारे असे ३ गट दिले की १६२ गट. एवढे काम एका माणसाने हाताने करायला घेतले तर तो ते करील, यात शंका नाही. त्यातल्या कोणत्या सबसाइटवर चूक झाली हे मात्र त्याला कधीच कळणार नाही.

या विषयाचे मर्म मला इथे दिसते. परवानगी कमी पडली तर दहा मिनिटांत फोन येतो. ज्याला फाइल दिसत नाही तो गप्प बसत नाही. त्याचे काम अडलेले असते. परवानगी जास्त दिली गेली तर कुणीच फोन करत नाही. ज्याला जास्त दिसते त्याला ते जाणवतही नाही, आणि ज्याची माहिती उघडी पडली त्याला ठाऊक नसते. त्यामुळे हाताने सांभाळलेली प्रत्येक यंत्रणा वर्षागणिक एकाच बाजूला, सैलपणाकडे झुकत जाते. तक्रारी मिटवत मिटवत प्रामाणिकपणे काम करणारा ॲडमिनच ती सैल करत असतो. बहुतेक लोक स्क्रिप्टकडे वेळ वाचवणारे साधन म्हणून येतात. वेळ वाचतो, हे खरे. पण ५४ साइट झटपट तयार झाल्या म्हणून स्क्रिप्ट लिहावी, असे मला वाटत नाही. कोणी न मागता परवानगी परत घेणारे या यंत्रणेत दुसरे काहीच नाही, म्हणून ती लिहावी.

सबसाइट तयार झाली की ती मूळ साइटच्या परवानग्या आपसूक घेते. मूळ साइटवर ज्याला प्रवेश, त्याला खालीही प्रवेश. एखाद्या विभागासाठी हे नको असेल तर तो वारसा तोडावा लागतो, आणि तोडताना एक निवड करावी लागते: वरच्या परवानग्यांची प्रत खाली ठेवायची, की कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची. पडद्यावरच्या बटणाने वारसा तोडला तर प्रत ठेवली जाते. म्हणजे तोडल्या क्षणी वर जे जे होते ते सगळे खाली राहते, आणि पुढे वर एखाद्याला थेट दिलेली परवानगी काढली तरी खाली ती कायम असते. बदलून गेलेली माणसे जुन्या साइटवर वर्षानुवर्षे सापडतात त्याचे हे एक मोठे कारण. स्क्रिप्टमध्ये प्रत न घेता वारसा तोडता येतो. तसे केले की ज्याच्या नावाने स्क्रिप्ट चालली त्या एकाच खात्याला तिथे पूर्ण अधिकार मिळतो. म्हणून गट जोडून झाल्यावर शेवटच्या ओळीत स्क्रिप्टने स्वतःला काढून घेतले पाहिजे. ही ओळ न लिहिलेल्या स्क्रिप्ट मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे प्रत्येक सबसाइटवर ॲडमिनचे नाव मालक म्हणून बसलेले असते.

स्क्रिप्टला माहिती कुठून द्यायची? एका साध्या तक्त्यातून. साइटचा संकेत, तिचे नाव, पदाचा संकेत, त्या पदाला कोणता गट, आणि त्या पदावर आज कोण. शेवटचा रकाना सोडला तर हा तक्ता कार्यालयात आधीपासून असतो, फक्त तो संगणक विभागात नसतो. आस्थापना विभागाकडे मंजूर पदांचा आकृतिबंध असतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) खाली १७ मुद्द्यांची जी माहिती प्रसिद्ध करावी लागते, तिच्यात अधिकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये असतात. कोणत्या पदाने काय करायचे, हे कार्यालयाने स्वतःच लिहून जाहीर केलेले आहे. ॲडमिनने बसून नवी यादी रचणे म्हणजे त्याच्या हातात नसलेला निर्णय त्याने घेणे. परवानगी पदाला द्यावी आणि माणूस त्या पदाच्या गटात यावा-जावा, हे तत्त्व ऐकायला सोपे वाटते. पाळायला ते फार कठीण आहे, कारण फोन नेहमी माणसाचा येतो, पदाचा येत नाही.

आपल्या कार्यालयांतल्या तीन गोष्टी या तक्त्याला ताण देतात.

पहिली म्हणजे अतिरिक्त कार्यभार. एक सहायक आयुक्त दोन प्रभाग सांभाळतो, एका उपअभियंत्याकडे दोन टेबले असतात. पदाधारित तक्त्यात हे सहज बसते: तोच माणूस दोन ओळींत येतो. फक्त दुसऱ्या ओळीला मुदत हवी. आदेशात 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहिलेले असते, त्यामुळे मुदतीचा रकाना रिकामा ठेवायचा मोह होतो. तो रिकामा ठेवू नये. तीन महिन्यांनी पुन्हा विचारणारी तारीख टाकावी. त्या दिवशी स्क्रिप्टने परवानगी काढू नये, संबंधित विभागाला आठवण पाठवावी.

दुसरी म्हणजे रजा आणि निवडणुकीचे काम. निवडणूक लागली की अर्धे कार्यालय बाहेर असते. ही माणसे गटातून काढायची नसतात, त्यांच्या जागी तात्पुरती माणसे घालायची असतात. यावर पुस्तकात थोडक्यात लिहिले आहे आणि तेवढे पुरे.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि तिच्याविषयी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. माहिती भरण्याचे बरेचसे काम कंत्राटी संगणकचालक करतात. आकृतिबंधात त्यांचे पद नसते, म्हणून त्यांचे खाते नसते, म्हणून ते साहेबांच्या खात्यावर बसतात. नोंदवहीत प्रत्येक बदल साहेबांच्या नावावर पडतो. उद्या एखादी नोंद चुकीची निघाली तर साहेबाला ती आपली नाही हे सिद्ध करता येत नाही, आणि चालकाला ती आपण प्रामाणिकपणे भरली हेही सांगता येत नाही. या माणसांना स्वतःचे खाते द्यावे, कंत्राटाच्या शेवटच्या तारखेला आपोआप बंद होणारे, आणि नेमक्या ज्या यादीत नोंद करायची तिच्यापुरते. तसे करणे ही त्यांच्यावर मेहेरबानी नव्हे. महिना भरून काम करणाऱ्या माणसाच्या कामावर त्याचे नाव असले पाहिजे, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आता देवनागरीकडे येतो. इंग्रजी पुस्तके वाचून स्क्रिप्ट शिकलेली आपली मुले इथेच अडखळतात, आणि त्या पुस्तकांत उत्तर नसते. एक्सेलमधून तक्ता साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केला की मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात. जतन करताना यूटीएफ-८ असलेला सीएसव्ही निवडावा लागतो. पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत तक्ता बाहेर काढण्याची आज्ञा काही न सांगता वापरली तर ती आस्की लिहिते, म्हणजे पुन्हा प्रश्नचिन्हे. ७ व्या आवृत्तीत यूटीएफ-८ आपसूक येते, पण ती फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की अक्षरे विस्कटतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या अजून निघतात. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत वेगळेच असते.

याहून फसवे एक प्रकरण आहे. 'अधिकाऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका कळफलकावर तो नुक्त्याच्या र पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका लिपिकाने 'अधिकाऱ्यांचा गट' एका पद्धतीने लिहिला आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर स्क्रिप्ट आधीचा गट सापडला नाही म्हणून नवा बनवते. मग एकाच नावाचे दोन गट दिसतात, एकात नवी माणसे, दुसऱ्यात जुनी, आणि परवानग्या दोघांनाही. म्हणून या पुस्तकात जुळवणी नेहमी लॅटिन अक्षरांतल्या छोट्या संकेताने केली आहे आणि मराठी नाव फक्त दाखवायला ठेवले आहे. साइटच्या पत्त्यातही मराठी नको. तिथे देवनागरीचे एक चिन्ह नऊ अक्षरांच्या सांकेतिक रूपात जाते आणि मेलमध्ये चिकटवलेला दुवा ओळभर लांब होतो. साइटचे शीर्षक मात्र आवर्जून मराठीत असावे. मुंब्रा किंवा दिव्याच्या कार्यालयात बसलेल्या लिपिकाला स्वतःच्या कामाच्या जागेचे नाव स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी करावी लागणारी थोडी जास्त मेहनत ॲडमिनने केली पाहिजे.

सबसाइट घ्यायच्या की नाहीत, हाही वाद आहे. २०१८ पासून मायक्रोसॉफ्ट हब साइटचा पुरस्कार करते: सगळ्या साइट एका पातळीवर, हबला जोडलेल्या, एकीखाली एक नाहीत. माझे मत त्याच बाजूचे आहे. त्याचे कारण आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. १५ तालुक्यांपैकी ८ तिकडे गेले. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्यात असलेली २७ गावे २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रदेशात सीमा इतक्या वेळा हलतात तिथे साइटची उतरंड रचली तर प्रत्येक अधिसूचनेला ती मोडावी लागेल. सबसाइट एका साइट कलेक्शनमधून, म्हणजे मुख्य साइट आणि तिच्या सबसाइट यांच्या एका संचातून, दुसऱ्यात नेली की पत्ता बदलतो, जुने दुवे तुटतात आणि गट सोबत जात नाहीत. हबला जोडलेली साइट मात्र एका आज्ञेत सोडवून दुसऱ्या हबला जोडता येते, आणि तिचा पत्ता तोच राहतो. एवढे लक्षात ठेवावे की हबला जोडल्याने परवानग्या आपोआप येत नाहीत. तरीही पुस्तकात सबसाइटना मोठी जागा दिली आहे, कारण स्वतःच्या सर्व्हरवरचे जुने शेअरपॉइंट चालवणाऱ्या संस्थांकडे त्या आहेत आणि उद्याही असतील.

कल्याण-डोंबिवली महापालिका संगणकीकरणाची सुरुवात लवकर करणाऱ्यांपैकी एक होती, हे इथे सांगायला हवे. एबीएम नॉलेजवेअरने तिच्यासाठी केलेली प्रणाली आणि नागरी सुविधा केंद्राची कल्पना पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांना नमुना ठरली. पण ते यश नागरिकाच्या बाजूच्या खिडकीचे होते: दाखला, कर, तक्रार. खिडकीच्या आतल्या बाजूला, कोण काय पाहू शकतो या प्रश्नाला, तितके लक्ष मिळालेले नाही. आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी की हे काम उत्तम जाणणारी माणसे याच शहरांत राहतात. सकाळी डोंबिवलीहून निघून ठाण्यात किंवा ऐरोलीला उतरतात, दिवसभर परदेशी कंपन्यांच्या परवानग्या नीट लावतात आणि रात्री घरी परततात. त्यांच्यातल्या काहींनी आपल्या शाळेसाठी, बँकेसाठी, वाचनालयासाठी एवढे एक काम करावे, अशी या पुस्तकामागची इच्छा आहे.

बँकांना तर आता पर्यायही नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीनिहाय चौकट दिली. ठाणे जनता, डोंबिवली नागरी, कल्याण जनता अशा बँकांचा हा पट्टा आहे. शाखा आणि विभाग यांचा गुणाकार तिथेही तोच, आणि लेखापरीक्षकाचा प्रश्नही तोच: अमुक तारखेला ही फाइल कोण पाहू शकत होते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न फक्त बँकांचा राहिलेला नाही. हाताने दिलेल्या परवानग्यांना याचे उत्तर देता येत नाही. प्रत्येक फेरीची नोंद ठेवणाऱ्या आणि प्रत्येक बदलासमोर आदेश क्रमांक लिहिणाऱ्या स्क्रिप्टला ते देता येते.

स्क्रिप्ट स्वतःही एक अधिकारी आहे, आणि फार मोठी. सगळ्या साइट बदलू शकणारे खाते ज्याच्या हाती गेले त्याच्या हाती सगळे गेले. म्हणून तिला स्वतंत्र ओळख, प्रमाणपत्र आणि नेमक्या साइटपुरता अधिकार द्यावा; पासवर्ड फाइलमध्ये लिहू नये. ही ओळख स्वतःच्या संस्थेत नोंदवलेली असावी. पीएनपी पॉवरशेल हा शेअरपॉइंटसाठीचा आज्ञासंच वापरणारे अनेक जण वर्षानुवर्षे सर्वांसाठी असलेल्या सामाईक ॲपवर विसंबून होते. ९ सप्टेंबर २०२४ रोजी ते ॲप काढून टाकले गेले, आणि ज्यांनी स्वतःचे नोंदवले नव्हते त्यांच्या स्क्रिप्टना प्रवेशच मिळेना.

चांगली स्क्रिप्ट दोन फेऱ्या मारते. पहिल्या फेरीत ती तक्ता वाचते आणि जे नाही ते तयार करते. जे आहे त्याला हात लावत नाही, त्यामुळे ती कितीही वेळा चालवली तरी दुप्पट काही होत नाही. दुसरी फेरी उलटी असते. साइटवर प्रत्यक्ष काय आहे ते वाचून तक्त्याशी ताडून पाहायचे, आणि तक्त्यात नसलेले प्रत्येक नाव बाहेर काढायचे. यात 'शेअर' बटण दाबून एकेकट्या फाइलवर दिलेले प्रवेशही येतात. ते थोडे थोडे करत साठतात. एका यादीवर ५०,००० स्वतंत्र परवानग्यांची मर्यादा आहे आणि ५,००० च्या पुढे जाऊ नये असा सल्ला आहे. बहुतेकांच्या स्क्रिप्टमध्ये पहिली फेरी असते आणि दुसरी नसते. हे पुस्तक निम्म्याहून जास्त दुसरीवर खर्च झाले आहे.

म्हणून वाचायचा क्रम उलटा ठेवा. नवी साइट तयार करण्याआधी आज असलेल्या साइटवर चौथ्या प्रकरणातली उलटी फेरी चालवा. या वेळी ती फक्त वाचण्यापुरती, काही न काढता. एकदम खूप मागण्या पाठवल्या तर सर्व्हर थांबायला सांगेल. तो सांगेल तितके सेकंद थांबून मग पुढे जायचे. हाती येणारी यादी घेऊन प्रत्येक विभागप्रमुखाकडे जा आणि एकेका नावापुढे विचारा: हे इथे का आहेत? सेवानिवृत्त झालेले, बदलून गेलेले, कंत्राट संपलेले यांवर त्यांच्याच हाताने खूण करून घ्या, खाली सही घ्या, आणि मग पहिले प्रकरण उघडा.